काळ्या पाषाणाचे वय

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि दप्तरखान्यांतील रुमाल उभे राहतात. शिलालेखात महत्त्व असते ते लेखाला. शिळा ही केवळ त्या लेखाची धारिणी. परंतु असाही एक इतिहास आहे की ज्यात शिळा हाच लेख होय. तो कोणी हेतुपूर्वक लिहून ठेवलेला नाही, त्याला कालगणना नाही, आणि त्याची पुष्कळशी पाने गहाळ झालेली आहेत. पृथ्वीचा हा इतिहास प्रयोगशाळेत कसा वाचला जातो, त्यातील साक्षी कशा तपासल्या जातात, आणि मोठमोठ्या विद्वानांचे निर्णयदेखील पुढे कसे फिरवावे लागतात, हे आपल्या देशातीलच एका प्रश्नाच्या आधाराने पाहावयाचे आहे. तो प्रश्न म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाचे वय.

हा पाषाण ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. सह्याद्रीचे कडे त्याचे, रायगड-राजगडाचे तट त्याचे, आणि अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली तीही त्याच्यातच. पण त्याचा पसारा महाराष्ट्रापुरता नाही. कच्छ-काठेवाडपासून माळव्यापर्यंत, खाली बेळगावपर्यंत आणि पूर्वेस नागपूर-जबलपूरच्याही पलीकडे तो पसरला आहे. त्याचा एक लहानसा तुकडा तर दूर गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला उघडा पडलेला आढळतो. आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापतो, आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. भूवैज्ञानिक त्याला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द जिन्याच्या पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीचा कडा दुरून पाहिला म्हणजे हे नाव किती समर्पक आहे ते पटते. एकेक पायरी म्हणजे जमिनीच्या भेगांतून उसळून पसरलेला आणि थिजलेला शिलारसाचा एकेक प्रवाह, किंवा अशा काही प्रवाहांचा समूह होय.

हे सारे केव्हा घडले? शिलारस स्वतः या बाबतीत मुका असतो. त्याच्या दाहात कोणताही जीव टिकत नाही, म्हणून त्यात जीवाश्म सापडत नाहीत. सुदैवाने हा उद्रेक अखंड चालला नव्हता. एक प्रवाह थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये कधी कधी हजारो वर्षे जात. त्या अवधीत खडकावर माती होई, सखल जागी तळी साचत, तळ्यांत गोगलगाई आणि मासे नांदत, काठी वनस्पती रुजत. मग नवा प्रवाह येई आणि हे सारे झाकून टाकी. पाण्यातील सिलिका त्या गाळात मुरून त्याची गारगोटीसारखी कठीण शिळा बने, आणि तिच्यात फळ, फूल, लाकूड पेशीपेशींनिशी जतन होई. दोन प्रवाहांमध्ये सापडलेल्या या गाळाच्या थरांना आंतरप्रवाही थर असे म्हणता येईल. काळ्या पाषाणाची जन्मकुंडली मांडावयाची ती त्यांच्याच आधारे.

हे थर अभ्यासण्याचा पहिला मोठा उद्योग नागपुरात झाला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी, ज्याचे नाव नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाला मिळाले आहे, तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी शहरानजीकच्या टाकळी येथे व इतरत्र गोगलगाईंचे शंख, माशांचे अवशेष, बिया आणि फळे गोळा केली व 1855 मध्ये त्यांचा वृत्तांत लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हे थर तृतीयक कालातील, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच्या युगातील, असे हिस्लॉपचे मत पडले. उलट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम ब्लॅनफर्ड यांचा कल त्यांना आधीच्या क्रिटेशस कालात घालण्याकडे होता. वाद उभा राहिला, आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. वरवर पाहता हा केवळ नावाचा वाद वाटेल. परंतु क्रिटेशस आणि तृतीयक यांच्या सीमेवरच पृथ्वीवरील जीवसृष्टीचा एक प्रचंड संहार झालेला आहे. दख्खनचा उद्रेक त्याच्या आधीचा की नंतरचा, यावर त्या संहाराशी त्याचा काही संबंध असू शकतो किंवा नाही, हे अवलंबून होते.

विसाव्या शतकात हा वाद ज्यांनी नव्याने पेटविला ते लखनौ विद्यापीठातील प्राध्यापक बिरबल साहनी. केंब्रिजमध्ये सेवर्ड यांच्या हाताखाली तयार झालेले साहनी 1921 मध्ये लखनौला आले आणि पुरावनस्पतिविज्ञानाचे भारतातील आद्य आचार्य ठरले. मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलां नावाचे गाव आहे. तेथील गारगोटीत अश्मीभूत वनस्पतींचा केवढा खजिना आहे, हे साहनी आणि नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांच्या संशोधनाने जगापुढे आले. येथल्या एका फळाचे कुळ कोणते हे कोडे उलगडेना, म्हणून साहनींनी त्याला कोड्याचाच निर्देश करणारे ‘एनिग्मोकार्पॉन’ हे नाव दिले. पुढे 1944 मध्ये शुक्ल यांनी तेथीलच एका अश्मीभूत फुलाचे वर्णन करून त्याला साहनींचे नाव दिले आणि त्या फळाशी त्याचा संबंध दाखविला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या फुलाची त्याच्या फळाशी गाठ घालून देणे, हे साधे काम नव्हे.

हे साधते कसे? गारगोटीचा तुकडा हिऱ्याची धार असलेल्या चाकावर कापतात. कापलेली बाजू गुळगुळीत करून काचेच्या पट्टीवर चिकटवितात, आणि मग दुसरी बाजू कार्बोरंडमच्या भुकटीने घासत आणतात. एका मिलिमीटरमध्ये वीस-तीस मावतील इतकी ती चकती पातळ झाली की दगडातून प्रकाश आरपार जाऊ लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पेशींच्या भिंती, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका, बियांचे कप्पे दिसू लागतात. हात किंचित जड पडला तर नमुना कायमचा नाहीसा होतो. आणि तो पुन्हा मिळेलच अशी शाश्वती नसते. याच पद्धतीने साहनी आणि एच. एस. राव यांनी 1943 मध्ये सौसर येथील शिळेतून ‘अझोला’ ही पाणवनस्पती ओळखली. भाताच्या शेतात आज खत म्हणून वाढवितात त्या अझोलाचीच ही पूर्वज-भगिनी.

या साऱ्यातून साहनींनी निष्कर्ष काढला तो हिस्लॉपच्या बाजूचा. 1934 मध्ये त्यांनी प्रश्न मांडला, आणि 1940 च्या मद्रास येथील विज्ञान काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणाचा विषयच त्यांनी ‘दख्खन ट्रॅप: तृतीयक युगातील एक प्रकरण’ असा ठेवला. ताडांच्या कुळाचे विपुल अवशेष आणि विशेषतः ‘निपा’ या खाडीकाठच्या ताडाची फळे, हा त्यांचा मोठा आधार होता. निपा आजही सुंदरबनात आणि अंदमानात वाढते. तिची अश्मीभूत फळे इंग्लंडमध्ये टेम्सच्या मुखाकडील चिकणमातीत सापडतात, आणि ती माती निःसंशय तृतीयक कालाच्या आरंभीच्या इओसीन विभागातील आहे. सुंदरलाल होरा यांनी 1938 मध्ये माशांच्या खवल्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा कलही त्याच दिशेचा होता.

युक्तिवाद भक्कम दिसतो. पण त्याच्या तळाशी एक गृहीत दडलेले आहे: निपा इंग्लंडमध्ये ज्या काळात दिसते, त्याच काळात ती भारतातही अवतरली असली पाहिजे. हे गृहीत खरे असेलच असे नाही. एखादे नाणे साताऱ्यात एका शतकातील थरात सापडले, म्हणून ते पेशावरला त्याआधी चलनात नव्हते असे कोण म्हणेल? पुढे क्रिटेशसच्या अखेरच्या भागातील थरांतही निपाचे परागकण मिळाले, आणि तो आधार ढिला झाला.

परागकणांचा हा पुरावा मिळविण्याची रीत निराळी आहे. येथे दगड कापावयाचा नसतो, विरघळवावयाचा असतो. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना जातो. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने सिलिका जाते. हे दुसरे आम्ल काचही खाते, म्हणून त्यासाठी प्लॅस्टिकची भांडी लागतात. दगड नाहीसा होतो आणि परागकणांचे चिवट कवच तेवढे मागे उरते. अशा अभ्यासातून जबलपूरजवळील पडवार येथील आंतरप्रवाही थरात ‘ॲक्विलापोलेनाइट्स’ हा क्रिटेशस कालाची खूण मानला जाणारा परागकण आढळला. कच्छमधील अंजारसारख्या ठिकाणी आंतरप्रवाही थरांतच डायनोसॉरचे अवशेष मिळाले. उद्रेक सुरू झाल्यावरही डायनोसॉर या भूमीवर वावरत होते, हे त्यामुळे उघड झाले. हा पुरावा पुढे आणण्यात अग्रभागी होते चंदीगढचे प्राध्यापक अशोक साहनी, म्हणजे बिरबल साहनींचे सख्खे पुतणे. काकांचा निर्णय पुतण्याने काकांच्याच शास्त्राने तपासला, यापरते त्या परंपरेचे सामर्थ्य ते काय?

तरीही जीवाश्म आधी-नंतर एवढेच सांगतात. वर्षे सांगत नाहीत. वर्षांसाठी शिलारसाकडेच परतावे लागले. निसर्गातील पोटॅशियमच्या सुमारे दहा हजार अणूंपैकी एक किरणोत्सर्गी असतो. असे अणू 125 कोटी वर्षांत निम्मे होतात, आणि त्यांतील काही अंशाचा अर्गॉन वायू बनतो. थिजलेल्या खडकात हा वायू कोंडून राहतो. तो मोजला की खडक थिजल्यास किती काळ लोटला ते कळते. परंतु आमच्या पर्जन्यप्रदेशात खडक कुजतो आणि कोंडलेला अर्गॉन निसटतो. त्यामुळे आरंभीच्या मापनांत वयांचा मेळ बसेना. काही उत्तरे एकमेकांपासून कोट्यवधी वर्षे दूर पडली. मग नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली धरून पायरीपायरीने तापविण्याची सुधारित पद्धत आली. तिच्यात अर्गॉन कोठे निसटला आहे हे नमुनाच सांगतो. 1988 च्या सुमारास या मापनांनी उत्तर दिले: 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे नेमके त्या सीमेवरच.

खडकातील चुंबकत्वाची साक्षही याच बाजूने आली. थिजताना बेसाल्टमधील लोहखनिज त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा आपल्यात कायम करून घेते. 1956 मध्ये क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, व पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी या दिशा मोजल्या. उद्रेकाच्या वेळी आपले द्वीपकल्प विषुववृत्ताच्या बरेच दक्षिणेस होते, हे त्यांवरून दिसले. शिवाय सह्याद्रीतील बहुतेक प्रवाह चुंबकक्षेत्राच्या एकाच उलट्या कालखंडातील निघाले. याचा अर्थ असा की, भूविज्ञानाच्या मापाने पाहता हा उद्रेक अल्पकाळातच आटोपला. 2015 मध्ये पश्चिम घाटातील प्रवाहांमधून मिळालेल्या झिर्कॉनच्या सूक्ष्म स्फटिकांवरून युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणाने वय काढण्यात आले. मुख्य उद्रेक संहाराच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि सुमारे साडेसात लाख वर्षे चालला, असे त्या संशोधकांनी मांडले. राजमहेंद्रीला दोन प्रवाहांमधील सागरी गाळात तृतीयकाच्या अगदी आरंभीचे सूक्ष्म सागरी जीव मिळाले आहेत.

म्हणजे शेवटी कोण खरे? ब्लॅनफर्ड की साहनी? उद्रेक सीमेच्या अलीकडे-पलीकडे असा पसरलेला असल्यामुळे दोघांच्याही हाती सत्याचा एकेक अंश होता. मात्र हा सारा प्रकार तृतीयक युगातलाच, हा साहनींचा निर्णय टिकला नाही. संहाराचे कारण कोणते, याचा वाद तर अजून पूर्ण मिटलेला नाही. 1980 मध्ये आल्व्हारेझ पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशनीच्या आघाताची कल्पना मांडली, पुढे मेक्सिकोत त्याचे विवरही ओळखले गेले, आणि आज बहुतेक शास्त्रज्ञ त्या आघातालाच प्रमुख मानतात. दख्खनच्या ज्वालामुखीने वातावरणात ओतलेल्या वायूंचा त्यात वाटा किती, हे मात्र अजून तपासले जात आहे. 2019 मध्ये दोन निरनिराळ्या गटांनी प्रसिद्ध केलेल्या मापनांत संहाराआधी किती शिलारस वाहिला यावर मतभेद दिसले. हा झगडा आता काही दशसहस्र वर्षांच्या फरकाचा आहे. जेथे एके काळी अख्ख्या युगाबद्दल मतभेद होता, तेथे वाद इतका सूक्ष्म व्हावा, हीच प्रयोगशाळेची कमाई.

या कमाईचा पाया मात्र प्रयोगशाळेबाहेर, रानात घातलेला असतो. कोणता दगड कोणत्या प्रवाहाच्या वर आणि कोणाच्या खाली सापडला, ही नोंद नसेल तर अत्यंत सूक्ष्म यंत्रही त्याला बोलते करू शकत नाही. हिस्लॉपच्या काळी ज्या टेकड्या मोकळ्या होत्या, त्या आज शहरांच्या पोटात जात आहेत. खाणींत आणि रस्त्यांच्या खडीत किती आंतरप्रवाही थर नाहीसे होतात त्याची गणती नाही. मध्यप्रदेशातील घुघुवा येथे अश्मीभूत वृक्षांचे राष्ट्रीय उद्यान झाले, हे चांगले झाले. पण थर ओळखणारी नजर गावोगावी नसेल, तर एकट्या उद्यानाने काय भागणार?

3 एप्रिल 1949 रोजी लखनौला साहनींच्या संशोधन-संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसविण्यात आली. त्या शिळेत देशोदेशींचे जीवाश्म जडविलेले आहेत. त्यानंतर आठवड्याच्या आतच साहनींचे निधन झाले. संस्था उभी करण्याचे काम त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी पुढे नेले. साहनींचा दख्खनविषयक सिद्धांत आज कोणी जसाच्या तसा स्वीकारीत नाही. परंतु मोहगावच्या गारगोटीच्या ज्या चकत्या त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी घासल्या, त्या आजही नव्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतात, आणि नव्या प्रश्नांना उत्तरे देऊ शकतात. सिद्धांत बदलतो, जपून ठेवलेला आणि नीट नोंदलेला पुरावा टिकतो. इतिहास राजांचा असो वा पाषाणांचा, इतिहासकाराचे पहिले कर्तव्य त्यामुळे एकच राहते: साक्षीदार हरवू न देणे.