एदलाबाद ते राज्यसभा : एका कारकीर्दीचे कागद

जुनीं दफ्तरें चाळणाऱ्या अभ्यासकांस निवडणुकींचे निकाल, विधिमंडळाचीं कार्यवृत्तें इत्यादि कालपरवांचे कागद संग्रहणीय वाटत नाहींत. परंतु सनदा व महजर हेहि एके काळीं चालू व्यवहाराचेच कागद होते. या दृष्टीनें, खानदेशांतून दिल्लीस गेलेल्या श्रीमती प्रतिभाताई पाटील यांची कारकीर्द कागदोपत्रीं तपासणें अगत्याचें आहे.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १९३४ रोजीं पूर्व खानदेशांतील नाडगांवीं झाला. खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग १९०६ सालीं पडले; जळगांव व धुळें हीं जिल्ह्यांचीं नांवें नंतरचीं, हें जन्मस्थळ नोंदतांना ध्यानांत असावें. जळगांवच्या मूळजी जेठा महाविद्यालयांतून एम्. ए. व मुंबईस कायद्याची पदवी, असें त्यांचें शिक्षण. १९६२ सालीं, वयाचीं सत्तावीस वर्षें पुरीं झालीं असतां, त्या जळगांवांतून विधानसभेवर निवडून आल्या.

पुढें १९६७, १९७२, १९७८ व १९८० अशा चार निवडणुका त्यांनीं एदलाबादेंतून जिंकल्या. येथें संशोधकाची फसगत होण्याचा संभव आहे. निकालपत्रांतील ‘एदलाबाद’ म्हणजे मुक्ताबाईच्या नांवानें ओळखलें जाणारें आजचें मुक्ताईनगर. तेलंगणांतील आदिलाबादशीं त्याचा घोटाळा करूं नये.

आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, नगरविकास वगैरे खातीं १९६७ ते १९८५ या काळांत मधून मधून त्यांजकडे होतीं. त्यांची जंत्री देण्यांत स्वारस्य नाहीं. जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० या अवधींत, शरद पवार मुख्यमंत्री असतां, त्या विधानसभेंत विरोधी पक्षनेत्या होत्या. सत्तेबाहेरचे हे थोडे महिने आम्हांस मंत्रिपदांहून अधिक बोलके वाटतात.

१९८५ सालीं त्या राज्यसभेवर गेल्या व नोव्हेंबर १९८६ पासून दोन वर्षें उपसभापति होत्या. २५ जुलै १९८७ रोजीं उपराष्ट्रपति वेंकटरामन राष्ट्रपति झाले, तेव्हां शंकर दयाळ शर्मा सप्टेंबरांत येईपर्यंत सभापतीचें काम ताईंनींच पाहिलें. बरोबर वीस वर्षांनीं, २५ जुलै २००७ रोजीं, त्यांनीं राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. मितींचें असें जुळणें जंत्री चाळणाऱ्यास सुखवितें. त्यास अर्थ मात्र कांहीं नाहीं.

खरा विचारणीय मुद्दा निराळाच आहे. खानदेशानें प्रत्यक्ष मतदानानें त्यांस दिल्लीस कधींच पाठविलें नाहीं. राज्यसभेचे सभासद आमदार निवडतात. आणि १९९१ सालीं त्या लोकसभेवर गेल्या त्या अमरावतीहून, म्हणजे पतीच्या गांवाहून. सबब ‘खानदेशच्या खासदार’ हें त्यांचें रूढ वर्णन भावनेनें खरें असलें तरी कागदास धरून नाहीं. जळगांवांत त्यांच्या पुढाकारानें निघालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना २००३ सालीं रद्द झाला, ही नोंदहि चरित्रकारानें गाळतां कामा नये. गौरवग्रंथ हें साधन दुय्यमच समजावें.

प्रांतिक कार्यवृत्तें छापील असल्यानें तीं टिकतील. धोका आहे तो हस्तपत्रकांस व खाजगी पत्रांस. एदलाबादच्या त्या चार निवडणुकांचे असे कागद ज्यांच्या माळ्यावर असतील, त्यांनीं ते रद्दीच्या भावानें न विकतां, मिती व ठिकाण लिहून, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करावे.