हलकं, म्हणजे नेमकं काय? : झाडांसाठी काढलेल्या एका तबकडीची गोष्ट



चालकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, झाडांना ऐकवण्यासाठी काढलेली एक तबकडी. फोनवर पलीकडे क्षणभर शांतता. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, म्हणजे कांट येणार, ह्यूम येणार, अशी त्यांची खात्री असावी. ते दोघेही येणार आहेत, पण जरा उशिरानं. (हशा)

गोष्ट आमच्या गॅलरीत सुरू होते. काही वर्षांपूर्वी नात सुट्टीला आली होती. कुंड्यांना पाणी घालताना तिनं फोनवर काहीतरी लावलं. कुणी शीळ घालावी, मधूनच बुडबुडे फुटावेत असे आवाज, आणि खाली एक संथ, आळसावलेली चाल. मी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "काय गं, टूथपेस्टची जाहिरात का?" ती म्हणाली, "आजोबा, हे तुमच्यासाठी नाहीच आहे. मनी प्लांटसाठी आहे." मी म्हणालो, "असेल. पण हलकं आहे."

आयुष्यभर सौंदर्यशास्त्र शिकवलेल्या माणसाचा हा अभिप्राय, दहा सेकंदांत दिलेला. आज मला त्या अभिप्रायाची झडती घ्यायची आहे. माझ्या एकट्याच्या नव्हे. या तबकडीबद्दल लोकांनी गेल्या जवळजवळ पन्नास वर्षांत जी मतं दिली, जी दिलीच नाहीत आणि जी बदलली, त्या सगळ्यांची.

तबकडीचं नाव 'मदर अर्थ्स प्लँटेशिया'. साल १९७६. गाव लॉस एंजेलिस. तिथल्या मेलरोज ॲव्हेन्यूवर लिन आणि जोएल रॅप या जोडप्याचं घरात लावायच्या रोपांचं दुकान होतं, 'मदर अर्थ' नावाचं. तिथं रोप घेतलं की ही तबकडी मिळायची. किंवा सिअर्सच्या दुकानात सिमन्स कंपनीची गादी घेतली की मिळायची. रोप किंवा गादी! सोबत झाडांची निगा कशी राखावी याची छोटी पुस्तिका. दहा रचना, साधारण अर्ध्या तासाचा ऐवज, आणि रचनांची नावं झाडांवरून: स्पायडर प्लांटसाठी सिंफनी, आफ्रिकन व्हायोलेटसाठी स्तोत्र, फिलोडेंड्रॉन आणि पोथॉससाठी कंचेर्टो. यातला पोथॉस म्हणजे आपला मनी प्लांटच. तेव्हा नात अगदी बरोबर बोलत होती.

आता मला सांगा, दिवाळीला वाण्याच्या दुकानातून जे कॅलेंडर फुकट येतं, त्यावरच्या चित्राबद्दल आपण मत देतो का? खिळ्याला अडकवतो आणि विसरतो. या तबकडीच्या पहिल्या श्रोत्यांचं तेच झालं. ती वाईट आहे असं कुणी म्हटलं नाही. ती मत देण्याजोगी गोष्ट आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. संगीताच्या इतिहासात निंदेच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात, पॅरिसमध्ये अमुक वेळी लोकांनी आरडाओरडा केला वगैरे. पण निंदा होण्यासाठीसुद्धा आधी कलाकृती म्हणून नोंद व्हावी लागते. इथं नोंदच नाही.

बरं, करणारा माणूस कोण? मॉर्ट गार्सन. जन्म १९२४, कॅनडातल्या सेंट जॉनचा. शिक्षण न्यूयॉर्कच्या जुलिअर्डमध्ये, म्हणजे तालीम पक्की. त्यानं चाल दिलेलं 'अवर डे विल कम' हे गाणं १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पुढं १९६७ साली त्याची रॉबर्ट मोग यांच्याशी गाठ पडली आणि तो त्या यंत्राच्या नादी लागला. (आपल्याकडे काही जण 'मूग' म्हणतात, मला डाळ आठवते. तो गृहस्थ स्वतःला 'मोग' म्हणवून घ्यायचा.) १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा सीबीएस वाहिनीच्या प्रक्षेपणाला या गार्सनचंच संगीत होतं. म्हणजे चंद्रापासून कुंडीपर्यंत सगळीकडे त्यानं तेच यंत्र नेलं, आणि दोन्हीकडे तितक्याच मन लावून काम केलं.

हे यंत्र जरा समजून घ्यायला हवं, कारण 'हलकं' हा शब्द थोडा तिथूनही येतो. मोगचा सिंथेसायझर १९६४ सालचा. विजेच्या कंपनांतून स्वर तयार करायचा, तो चाळणीतून गाळायचा, त्याचा उठाव आणि विराम ठरवायचा, आणि हे सगळं विजेच्या दाबानं नियंत्रित करायचं. टेलिफोन एक्स्चेंजसारख्या वायरी या भोकातून त्या भोकात खुपसायच्या. गंमत म्हणजे हे भलंमोठं कपाट एका वेळी एकच स्वर वाजवतं. दोन स्वर हवे असतील तर दोनदा ध्वनिमुद्रण करायचं. शिवाय खोली तापली की स्वर सरकतो. तेव्हा जे ऐकताना सहज, डुलत डुलत चाललेलं वाटतं, ते एकेक स्वराची ओळ टेपवर बसवत रचलेलं आहे. रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं.

आणि तरीही वाद्य म्हणून त्याच्याकडे संशयानंच पाहिलं गेलं. अमेरिकेतल्या वादकांना पोटाची धास्ती वाटली, इतरांना ते खेळणं वाटलं. आपण हसायचं कारण नाही. आपल्या आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमला दार बंद केलं, ते थोडंसं उघडायला १९७१ उजाडलं. ज्या पेटीवर महाराष्ट्रातली नाट्यगीतं उभी आहेत, ती पेटी! वाद्य नवं असलं, यंत्रासारखं दिसलं, की त्यातून निघणारं सगळं आपण आधीच एका खणात टाकतो.

झाडांचं काय? झाडं संगीत ऐकतात, ही कल्पना १९७३ साली फार जोरात होती. पीटर टॉम्पकिन्स आणि ख्रिस्तोफर बर्ड यांचं 'द सीक्रेट लाइफ ऑफ प्लँट्स' त्याच वर्षी आलं आणि प्रचंड खपलं. डोरोथी रिटॅलॅक नावाच्या बाईंनी डेन्व्हरमध्ये प्रयोग करून सांगितलं की रॉक संगीतापासून झाडं दूर वळतात, बाखकडे झुकतात, आणि रविशंकरांच्या सतारीकडे तर त्याहून जास्त झुकतात. (हशा) हो, तेव्हा आपल्याकडेही अशा बातम्या कौतुकानं सांगितल्या जात. त्याच्या आधी क्लीव्ह बॅक्स्टर या गृहस्थानं खोटं पकडायच्या यंत्राच्या तारा एका ड्रसिनाच्या पानाला लावल्या होत्या आणि झाडाला आपल्या मनातलं कळतं असा दावा केला होता. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी काटेकोर प्रयोग करून त्याचा पडताळा घेतला. काहीही आढळलं नाही. तो लेख 'सायन्स'मध्ये छापून आला १९७५ साली. म्हणजे तबकडी निघण्याच्या वर्षभर आधीच ही वाट डळमळीत झाली होती.

इथं जगदीशचंद्र बोसांचं नाव हटकून घेतलं जातं, म्हणून एक खुलासा. बोसांनी लाजाळूसारख्या वनस्पतींचे विजेचे प्रतिसाद मोजले, वाढ मोजायला क्रेस्कोग्राफ बनवला. ते मोजमाप आहे. झाडाला अमुक राग आवडतो हे म्हणणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या पुष्ट्यर्थ पहिलं पुढं करणं बरं नव्हे. बोसांचं चरित्र १९२० साली लिहिणारे पॅट्रिक गेडिस त्या वेळी आपल्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते, ही आपली जाता जाता आठवण.

असो. तर ज्याच्यासाठी ही तबकडी केली तो श्रोता मत देऊ शकत नाही. मला वाटतं, यातच तिच्या घडणीचं बरंचसं गुपित आहे. समोर समीक्षक नाही, सहकारी संगीतकार नाही, टाळी नाही. माणूस लहान मुलाशी किंवा मांजराशी बोलताना जसा वेगळा, मोकळा बोलतो, तसा हा जुलिअर्डमध्ये शिकलेला माणूस बेगोनियाशी बोलतो. काही सिद्ध करायचं नसतं. याच्याशेजारी स्टीव्ही वंडर ठेवून पाहा. त्याच पुस्तकावर निघालेल्या चित्रपटासाठी त्यानं १९७९ साली दोन तबकड्यांचा संच केला. तो मोठा कलाकार, त्याच्याकडून अपेक्षाही मोठ्या; लोक गोंधळले, बरेचसे नाराज झाले. गार्सनकडून कुणाची अपेक्षाच नव्हती.

पुढची बरीच वर्षं जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्यांच्या हाती ही अधूनमधून लागत राहिली. त्यांचं मत साधारण असं, की काय विचित्र चीज आहे बघा. हे प्रेम खरं असतं, पण त्यात एक मिस्कील अंतर असतं. दुर्मीळतेची किंमतही त्यात मिसळलेली असते. मग यूट्यूबवर कुणीतरी ती चढवली आणि लाखो लोकांनी ऐकली. हे लोक संग्राहक नव्हते. अभ्यास करताना, झोप येत नसताना, कुंडीला पाणी घालताना ऐकणारे. २०१९ साली 'सेक्रेड बोन्स' या कंपनीनं तबकडी रीतसर पुन्हा काढली. आणि आता मत काय? शांत वाटतं. निरागस आहे. लहानपणाची आठवण येते.

लहानपणाची! जी तबकडी यांच्या जन्माआधीची, यांच्या घरात कधी वाजलेली नाही. मी नातीला विचारलं, कुठल्या लहानपणाची? ती म्हणाली, व्हिडिओ गेमच्या. तेव्हा उजेड पडला. १९८३ सालच्या जपानी खेळयंत्रात आवाजाच्या अवघ्या पाच वाटा होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी, एक नुसत्या खरखराटाची आणि एक छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांची. एवढ्यात चाल बसवायची तर ओळी मोजक्या, स्वर गोलसर, गुणगुणण्याजोगे हवेत. गार्सनच्या कपाटाच्या मर्यादाही अशाच होत्या. त्यामुळे आवाज एकमेकांचे भाऊ लागतात. गार्सननं त्या खेळांचं काही उचललं नाही, ते तर नंतरचे. पण नंतरच्यांनी आधीच्याला ऐकायला कान तयार करून दिले.

आता ह्यूम. १७५७ सालच्या अभिरुचीवरच्या निबंधात तो 'दोन किहोते'मधली गोष्ट सांगतो. दोघे जण पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो उत्तम, पण चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो उत्तम, पण लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली निघते. म्हणजे मतं वेगळी असली तरी वस्तूत काहीतरी असतं. पण ह्यूमची दुसरी कसोटी काळाची: होमर अथेन्समध्ये आवडला, पॅरिस-लंडनमध्येही आवडतो. आपली तबकडी या कसोटीत बसत नाही. ती आधी कुणालाच 'आवडली' नव्हती, मग टिकण्याचा प्रश्न कुठला?

आपल्या मुंबईतही असंच घडलं आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. फारसं कुणी विचारलं नाही. २०१० साली ते पुन्हा निघालं, आणि शिकागोमधल्या ॲसिड हाउसच्या आधीचं म्हणून युरोपात डोक्यावर घेतलं गेलं. ते हयात होते, तिकडे जाऊन त्यांनी कार्यक्रमही केले. २०१५ साली वारले. गार्सनच्या वाट्याला हे आलं नाही. तो २००८ सालीच गेला. तबकडीबद्दल एवढी मतं जमली, त्यातलं बहुतेक काही त्याच्या कानावर गेलेलं नसणार. मला याची रुखरुख लागते, का कुणास ठाऊक.

आणि कांट. भोजनाच्या वेळी वाजणाऱ्या संगीताचा तो जरा नाक मुरडून उल्लेख करतो: नुसता सुखद आवाज, गप्पा चालाव्यात म्हणून, रचनेकडे कुणाचंच लक्ष नाही. मी हा परिच्छेद कितीदा शिकवला असेल! आणि गॅलरीत मी तेच केलं. फक्त कांटचं म्हणणं न ऐकणाऱ्यांबद्दल होतं. मी ते संगीतावर ढकललं. लक्ष माझं नव्हतं आणि हलकी ठरली तबकडी. मराठीत हलकं म्हणजे वजनानं कमी आणि हलकं म्हणजे दर्जानं कमी, शब्द एकच. म्हणून तर आकाशवाणीनं लाइट म्युझिकला हलकं न म्हणता सुगम म्हटलं असावं, असा माझा आपला तर्क.

नंतर मी ती अर्धा तास नीट बसून ऐकली, एकदा नव्हे, चार-पाचदा. सगळीच चांगली नाही. दुसऱ्या बाजूवर काही ठिकाणी नावातला विनोद चालीपेक्षा मोठा आहे. पण शीर्षकाची रचना आणि आफ्रिकन व्हायोलेटची, या दोन्हींत खेळकरपणाच्या तळाशी थोडी उदासी आहे, चामड्याच्या पट्ट्यासारखी. ती पहिल्यांदा मला लागली नव्हती. नातीला लागली होती का, ते मी विचारलं नाही.

वेळ होत आली. चालकांनी स्पीकर लावून ठेवला आहे. 'अ मेलो मूड फॉर मेडनहेअर' ऐकवतो. मेडनहेअर म्हणजे आपला हंसराज, जुन्या विहिरीच्या दगडांतून उगवतो तो. ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांनी उठायला हरकत नाही. बाकीच्यांनी गप्पा मारल्या तरी चालेल. लावा हो.