धर्मादायाचा रकाना आणि वजावटीचे कलम : गुलमंडीच्या निमित्ताने एक टिपण

प्रस्तावना

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील गुलमंडी ही जुन्या शहरातील गजबजलेली बाजारपेठ. येथील दुकानदार गणेशोत्सवाची वर्गणी देतो, सुपारी हनुमानाच्या दानपेटीत पैसे टाकतो आणि एखाद्या शिक्षणसंस्थेला देणगीही देतो. त्याच्या लेखी ही तिन्ही दानेच होत. प्राप्तिकराच्या लेखी मात्र बहुधा तिसरेच दान ग्राह्य ठरते, आणि तेही पावती असेल तर. हा भेद कसा निर्माण झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन

व्यापाऱ्यांच्या विक्रीपत्रावर मालाच्या किमतीखाली 'धर्मादाय' म्हणून अल्पशी रक्कम लावण्याची प्रथा भारतातील अनेक बाजारपेठांत होती. ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न मानावी काय? १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने 'धरम' या शब्दाने केलेले मृत्युपत्रातील दान संदिग्धतेमुळे रद्दबातल ठरविले होते. प्राप्तिकर खात्याचा युक्तिवाद त्याच धाटणीचा होता. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ग्राहकाने दिलेली धर्मादायाची रक्कम आरंभापासूनच दानासाठी राखलेली असते, म्हणून ती विक्रेत्याचे उत्पन्न नव्हे, असा तो निर्णय होता. बाजारातील शब्दाला बाजारातीलच अर्थ मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ५४ ने तर अशी रक्कम घेणाऱ्या व्यापाऱ्यास तिचा विश्वस्तच ठरविले आहे.

मराठवाड्यात आधुनिक प्राप्तिकर उशिरा स्थिरावला. हैदराबाद संस्थानाचा प्राप्तिकर कायदा १३५७ फसलीचा, म्हणजे १९४७-४८ चा. भारतीय कायदा येथे १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८६ च्या कायद्यानेच आयुर्विम्याच्या हप्त्यास उत्पन्नाच्या एक षष्ठांशापर्यंत सूट दिली होती. देणगीच्या वजावटीचे परिचित कलम ८०-जी मात्र १ एप्रिल १९६८ पासूनचे आहे. त्यातही केवळ धार्मिक हेतूचे दान वगळले गेले. अधिसूचित मंदिराच्या जीर्णोद्धाराचा अपवाद तेवढा राहिला. पुढे पावतीचे महत्त्व वाढतच गेले. रोख देणगीची मर्यादा २०१२ मध्ये दहा हजार, तर २०१७ मध्ये दोन हजार रुपये झाली. २०२१-२२ पासून देणग्यांचे विवरणपत्र भरणे संस्थांवर बंधनकारक झाले. दात्याचा शब्द आता संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो.

निवृत्तिवेतनाचा प्रवास याहून वेगळा आहे. आणि तो आपल्या, म्हणजे प्राध्यापकवर्गाच्या, अधिक जिव्हाळ्याचा. जुन्या योजनेत कर्मचाऱ्याचे अंशदानच नसल्याने निवृत्तिवेतनाबाबत घोषित करण्यासारखे काहीच नव्हते; भविष्यनिर्वाह निधीची रक्कम तेवढी लिहावी लागे. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून परिभाषित अंशदान योजना आणली व ती अनुदानित महाविद्यालयांतील नवनियुक्तांनाही लागू झाली. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या दहा टक्के कपात सुरू झाली, आणि जो सेवेचा हक्क होता तो घोषणापत्रातील एक नोंद बनला.

या नोंदीत एक बारकावा आहे व तो महाविद्यालयीन कार्यालयांत हमखास निसटतो. स्वतःचा हिस्सा कलम ८०-सीसीडी(१) खाली दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत येतो. शासनाचा हिस्सा मात्र प्रथम वेतनात मिळवून नंतर ८०-सीसीडी(२) खाली वजा करावयाचा असतो. २०११ च्या वित्त अधिनियमाने तो एकत्रित मर्यादेबाहेर काढला. जो तो वेतनात मिळवतो पण वजा करीत नाही, तो हाती न आलेल्या पैशावर कर भरतो. विवरणपत्राच्या घाईत असे होऊ शकते, आणि सुधारित विवरणपत्राची मुदत टळल्यावर ते ध्यानात येते.

२०२० मध्ये पर्यायी करप्रणाली आली व २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली ठरली. तीत ८०-जीची देणगी नाही, स्वतःचे अंशदानही नाही. नियोक्त्याच्या हिश्श्याची वजावट तेवढी उरली. १ एप्रिल २०२६ हा अंमलाचा दिनांक असलेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. गुलमंडीतील व्यापाऱ्याने मात्र कोणतीही प्रणाली निवडली, तरी धर्मादाय म्हणून घेतलेल्या रकमेचा हिशेब त्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावाच लागतो.