कान-बूश (चकमकीच्या बंदुकीचा)

चकमकीच्या ठासणी बंदुकीत रंजकदाणीतली आग नळीतल्या दारूपर्यंत नेणाऱ्या बारीक छिद्राला कान म्हणतात. त्या छिद्रात आट्यांनी बसवलेली, बदलता येणारी धातूची लहान नळी म्हणजे कान-बूश. कानाचा व्यास साधारण दीड ते पावणेदोन मिमी. असतो. बूश बहुधा पोलादाचा. भारी इंग्रजी बंदुकांत सोन्याचा किंवा प्लॅटिनमचाही आढळतो. त्याचे आतले तोंड शंकूसारखे खोलगट ठेवतात. त्यामुळे दारू आगीच्या जवळ येते व बार लवकर होतो.

झीज : दर बाराला तापलेला वायू कानातूनही बाहेर झेपावतो आणि धातू खातो. जळक्या दारूचा मळ ओल धरतो, म्हणून बारानंतर कान न धुतल्यास गंज चढतो. कान मळाने बुजला की रंजक नुसती भपकते, बार होत नाही. उलट तो झिजून मोठा झाला की वायू वाया जातो, गोळीचा वेग कमी-जास्त होतो आणि उजवीकडे उभ्या असलेल्यास झळ लागते. नेहमीची देखभाल एवढीच : गरम पाणी, कानात फिरवायची तार, कोरडी चिंधी, तेलाचा हात.

बदल : प्रथम गज नळीत सोडून बाहेरून मोजावा, नळी रिकामी असल्याची खात्री त्यानेच होते. बूशला खाच असल्यास तो पेचकसाने निघतो. जुन्या घडणीत ही खाच कानशीने घासून टाकलेली असते. तेव्हा मधोमध भोक पाडून उलट आट्यांच्या हत्याराने तो काढावा लागतो. नवा बूश ग्रीस लावून बसवतात. आतले टोक नळीत पुढे आले, तर गजाची चिंधी अडकते. कान रंजकदाणीच्या वरच्या काठाच्या पातळीत हवा. खाली गेल्यास रंजक वातीसारखी जळत जाते आणि बार रेंगाळतो.

तोफांचे कान : तोफेच्या झिजलेल्या कानात तांब्याचा बूश घालण्याची रीत युरोपात रूढ होती. कानात खिळा ठोकला की तोफ निकामी होई. १६६५ च्या पुरंदरच्या वेढ्यात मराठ्यांनी एका अंधाऱ्या रात्री रसूल बेग रोजभानीच्या मोर्च्यावर छापा घालून तोफांचे कान असे बंद केले होते. अशा तोफेचा कान पुन्हा कोरून बूश बसवणे हा एक उपाय. 

मराठी फौजेत : तोड्याची बंदूक दीर्घकाळ टिकली. चकमकीची बंदूक कवायती पलटणींबरोबर रुळली. महादजी शिंद्यांच्या सेवेतील द बॉयनच्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर याच्या देखरेखीखाली बंदुका घडत. शिपाईगिरीच्या बंदुकांना सहसा बूश नसे; कान थेट नळीतच पाडलेला असे.

कायदा : १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार अशा दुरुस्तीच्या व्यवसायास परवाना लागतो. शंभर वर्षांपलीकडच्या संग्राह्य नगाचा मूळ कान बदलू नये, असा संग्राहकांचा संकेत आहे.

टोपीची बंदूक : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिने चकमकीची जागा घेतली.