रोग्याला सांगावे की न सांगावे?

घरात कोणाला कर्करोग झाला, की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. थोरला मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठतो आणि हळूच म्हणतो, "बाबांना काही बोलू नका हं." डॉक्टर मान हलवतात. खाटेवरचा माणूस मात्र सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत राहतो.

हे केवळ आपल्याकडचंच, असं समजू नका. अमेरिकेतही एके काळी हाच रिवाज होता, आणि त्याची साक्ष खुद्द डॉक्टरांनीच दिलेली आहे. १९५३ साली फिलाडेल्फियातील डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. रोग्याला हे निदान सहसा किंवा कधीच सांगत नाही, असे म्हणणारे शेकडा ६९ निघाले. १९६१ मध्ये डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या मायकेल रीज रुग्णालयातील २१९ डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात न सांगण्याकडे कल असलेले सुमारे शेकडा ९०!

का सांगत नाही? बहुतेकांचे उत्तर एकच : अनुभव. पण ओकेन यांनी खोलात जाऊन पाहिले, तेव्हा अनुभवापेक्षा डॉक्टरांच्या स्वतःच्या भावना आणि आधीच बांधलेली मतेच अधिक बोलताना दिसली. रोग्यांचं म्हणणं काय होतं? १९५० सालच्या एका पाहणीत १०० कर्करुग्णांपैकी ८९ जणांनी, आम्हाला कळलेलं बरं, असंच सांगितलं होतं!

पुढे काळ पालटला. उपचार सुधारले, रोग्याच्या संमतीला कायद्यात वजन आले, आणि १९६९ मध्ये एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या पुस्तकाने मरणाविषयी बोलण्याचा संकोच मोडला. १९७७ मध्ये ओकेन यांचीच प्रश्नावली रॉचेस्टरच्या विद्यापीठ-रुग्णालयातील ६९९ डॉक्टरांकडे गेली. उत्तर देणाऱ्यांपैकी शेकडा ९७ जणांचा कौल सांगण्याकडे पडला. आणि आधार कसला? पुन्हा मुख्यतः अनुभवाचाच!

म्हणजे एकाच अनुभवाने सोळा वर्षांत दोन उलट धडे दिले. मग आपण ज्याला अनुभव म्हणतो, तो कित्येकदा रूढीचाच अंगरखा घालून आलेला असतो, असे म्हणावे लागते.

माझ्या मामांना आम्ही शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. जाण्याआधी दोन दिवस त्यांनी शेताचे कागद मागवून घेतले. त्यांना सारं ठाऊक होतं. बोलायला मात्र आम्ही कोणी ठेवलं नव्हतं. तेव्हा दाराबाहेर डॉक्टरांशी कुजबुजण्यापूर्वी तुम्ही एकदा आत जा, आणि खाटेवरच्या माणसालाच विचारा : तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?