बोलीची पायरी

“काय करायलास?” असा प्रश्न कानी पडला, की पुण्या-मुंबईकडील माणूस चटकन म्हणतो, “मराठवाड्याचे दिसता!” ओळखण्यात वावगे काही नाही. परंतु त्या ओळखीमागून एक मंद स्मित येते आणि त्या स्मितात बोलणाऱ्याची पायरी ठरून गेलेली असते. ही पायरी बांधली कोणी, हे इतिहासालाच विचारावे लागते.

प्रमाण मराठीची घडण झाली ती इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात. १८५३ च्या तहाने नळदुर्गासह हा मुलूख इंग्रजांकडे गेला, मेडोज टेलर तेथे कारभार पाहू लागला. पण १८६० साली तो निजामाला परत मिळाला. पुढे हैदराबादच्या दरबारात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच निघाले. घरी मराठी, कचेरीत उर्दू, उमरग्याकडे शेजारी कानडी, अशा संगमावर आम्हां लोकांची जीभ वळली. कलेक्टरास येथे ‘अव्वल तालुकदार’ म्हणत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. मराठीचे घर मिळाले, पण त्याच घरात आमची मराठी उर्दूमिश्रित व गावंढळ ठरली. वास्तविक फारसीचा शिरकाव सर्वत्रच होता. म्हणून तर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला. तरीही पेशवे दप्तरात ‘हुजूर’, ‘रयत’, ‘फडणीस’ सुखाने नांदले. तेथे ते शब्द ऐतिहासिक आणि आमच्या तोंडी परके, हा न्याय कोणता? पश्चिम महाराष्ट्रात ‘मामलेदार’ म्हणत, आमच्याकडे ‘तहसीलदार’. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने ‘तहसीलदार’ साऱ्या राज्याला दिला, आणि आज तो कोणासही खटकत नाही. तात्पर्य, उणेपणा शब्दात नसतो. बोलणाऱ्याच्या सत्तेवर शब्दाचा मान ठरतो.

हाच न्याय गावातही चालतो. ‘पाणी’ म्हणणारा ‘पानी’ म्हणणाऱ्यास हसतो. त्या एका अक्षरावरून जात ताडली जाते. शाळेत असे हसू झेललेले पोर पुढे उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. हे नुकसान कोणत्याही अशुद्धलेखनाहून मोठे आहे. प्रमाण भाषा मुलांना अवश्य शिकवावी. तिच्यावाचून कचेरी आणि ग्रंथ दुरावतात. परंतु ती शिकविताना आईची भाषा चुकीची आहे, असे सांगण्याची गरज नाही.

२०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले; २०२३ साली गावाला धाराशिव हे जुने नावही परत मिळाले. नाव परत मिळाले, तसा बोलीचा मानही मिळावा. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटण्याने कच्चे-पक्के पारखल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. काकांनी पाहिली ती भाजणी. माती कोणत्या शिवारातली, हे त्यांनी विचारले नाही.