आरोहा, अलोफा, अलोहा

इ. स. १७६९ च्या ऑक्टोबर महिन्यात कॅप्टन कुक यांचे 'एंडेव्हर' हे जहाज न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्याला लागले. ताहितीहून सोबत घेतलेला तुपाया नावाचा पुरोहित व दर्यावर्दी त्या जहाजावर होता. किनाऱ्यावरील माओरी मंडळींशी तो आपल्या बोलीत बोलू लागला आणि ते बोलणे त्यांना समजले. मध्ये सुमारे चार हजार किलोमीटरचा समुद्र आणि कित्येक शतकांचा दुरावा, तरी शब्द ओळखीचे निघाले. (त्याच दिवसांत गोऱ्यांच्या बंदुकांनी तेथील माणसे मारली गेली, हेही नमूद केले पाहिजे. दुभाषा होता म्हणून रक्तपात टळला नाही.)

पॉलिनेशियातील या भाषाभगिनींचे नाते एका शब्दात सहज दिसते. टोंगात 'ओफा', सामोआत 'अलोफा', ताहितीत व माओरीत 'आरोहा', हवाईत 'अलोहा'. 'र'चा 'ल' होणे, 'फ'चा 'ह' होणे ही ध्वनींची नियमित वाटचाल आहे. टोंगात तर मधला 'र' पार नाहीसाच झाला. मूळ अर्थ केवळ प्रीती नव्हे. दया, करुणा, जिव्हाळा हे सारे त्यात सामावते. आपल्याकडील 'माया' हा शब्द आम्हांस त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो.

भेटीची रीतही पाहण्यासारखी. माओरी मनुष्य एकाला 'तेना कोए', दोघांना 'तेना कोरुआ' आणि तिघांना वा अधिकांना 'तेना कौतौ' म्हणतो. संस्कृतातील द्विवचन पाठ करताना कंटाळलेल्या आमच्या पिढीला हे वाचून गंमत वाटेल. निरोपाचे शब्दही दोन आहेत. राहणारा जाणाऱ्याला 'हाएरे रा' म्हणतो आणि जाणारा राहणाऱ्याला 'ए नोहो रा', म्हणजे 'तुम्ही असा'. नाकाला नाक लावून एकमेकांचा श्वास घेणे म्हणजे 'होंगी'. आपल्या पुराणकथांत वडीलधारी माणसे मुलाचे मस्तक हुंगतात, त्याची येथे आठवण होते. संबंध अर्थात काही नाही.

हवाईत मात्र याच शब्दाचा इतिहास कटू आहे. १८९३ साली राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले. 'अलोहा आइना', म्हणजे भूमीवरील माया, हे त्या काळी स्वदेशनिष्ठेचे नाव होते. त्याच नावाच्या संघटनेने १८९७ मध्ये अमेरिकेत विलीन होण्याविरुद्ध एकवीस हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या. तरीही १८९८ साली विलीनीकरण झालेच. पुढे 'अलोहा' हॉटेलांच्या दारांवर आणि फुलाफुलांच्या सदऱ्यांवर दिसू लागला. १९७८ मध्ये हवाईयन भाषेला राज्यघटनेत अधिकृत स्थान मिळाले. तोवर ती घरात बोलणारे थोडेच उरले होते.

न्यूझीलंडची एक हकिकत मात्र आम्हांस विशेष भावते. माओरीतील 'किआ ओरा'चा शब्दार्थ 'जगा, बरे असा'. ताहितीत तोच 'इया ओराना' होतो. १९८४ साली ऑकलंडच्या दूरध्वनी केंद्रात ट्रंककॉल जोडणाऱ्या नाइडा ग्लाविश या बाई ग्राहकांना 'किआ ओरा' म्हणत. वरिष्ठांनी ताकीद दिली की ठरलेले इंग्रजी अभिवादनच वापरावे. त्यांनी ऐकले नाही, तेव्हा त्यांना त्या कामावरून दूर करण्यात आले. सरकारी चाकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस त्या ताकिदीची भाषा चांगली परिचित आहे. त्यात राग नसतो, फक्त नियम असतो, आणि म्हणूनच तिला उत्तर देणे अवघड जाते.

परंतु तेथे उत्तर लोकांनी दिले. 'किआ ओरावाल्या बाईंना' जोडून द्या, असे दूरध्वनी केंद्रात येऊ लागले. विमानातील कर्मचारीही प्रवाशांचे स्वागत त्याच शब्दांनी करू लागले. सर्वांनाच हे रुचले असे नाही. अखेर पंतप्रधान मल्डून यांना लक्ष घालावे लागले आणि बाई आपल्या जागी परत आल्या. माओरी भाषेला अधिकृत दर्जा देणारा कायदा १९८७ साली झाला. ग्लाविशबाईंना पुढे बढती मिळून आंतरराष्ट्रीय विभागात नेमणूक झाली. तेथे त्या परदेशातून बोलणाऱ्यांनाही 'किआ ओरा'च म्हणत.